गव्हर्नराने हिशेब कोणास द्यावा?

पेढीवर नवा मुनीम ठेवावयाचा झाल्यास त्याचे अक्षर कसे आहे, बोलणे गोड की कडू, हे व्यवहारी मालक मागाहून पाहतो. वर्षअखेर तो कीर्द-खतावणी कोणापुढे उघडून बसणार, हे मात्र तो आधी ठरवितो. ज्या पेढीवर ही गोष्ट ठरलेली नसते तेथे मुनीम प्रामाणिक निघाला तर ते मालकाचे दैव, आणि लबाड निघाला तर तेही मालकाचेच दैव! आपल्या प्रांताच्या गव्हर्नराची, म्हणजे हल्लीच्या भाषेत राज्यपालाची, जागा साडेतीनशे वर्षे बहुतांशी अशाच दैवावर चालत आली आहे. अमुक लाटसाहेब विद्येचा भोक्ता होता, तमुक कडक होता, अशा गोष्टी आपल्याकडे पुष्कळ सांगतात. आम्ही आज त्या खुर्चीवर बसलेल्या माणसांच्या स्वभावाचा नव्हे, तर त्या खुर्चीच्या हिशेबाचा विचार वाचकांपुढे मांडणार आहो.

ह्या अधिकाराचा जन्मच मुळी वखारीत झाला. इ. स. १६६१ च्या विवाहाच्या तहाने पोर्तुगालच्या राजघराण्याने मुंबई बेट इंग्लंडच्या राजास आंदण दिले आणि १६६८ साली त्या राजाने ते सालीना दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. आरंभीचा नामांकित गव्हर्नर जो जेराल्ड आँजिअर (१६६९–१६७७), तो सुरतेच्या वखारीचा प्रमुख असून त्यासच मुंबईचा कारभार सांगितलेला होता. त्याने १६७२ त बेटावर न्यायकचेरी उघडली, परदेशच्या व गुजराथच्या व्यापाऱ्यांस बोलावून वसविले, आणि दीवच्या निमा पारख ह्या वाण्यास धर्मपालनाची मोकळीक लेखी कराराने मिळाली तीही त्याच्याच अमदानीत, १६७७ साली. माणूस दूरदृष्टीचा होता ह्यात शंका नाही. परंतु ही मोकळीक, हा न्याय, ही वसाहत कशासाठी? कंपनीचा व्यापार वाढावा म्हणून. वर्षाचा जमाखर्च गेला तो लंडनास. बेटावरच्या कोळ्याने, भंडाऱ्याने किंवा वाण्याने तो कधी पाहिला नाही, आणि पाहण्याचा आपल्यास हक्क आहे असे त्यास कोणी सांगितलेही नाही. मुळारंभीच पडलेली ही रीत पुढे मुंबई बेटाचा मुंबई इलाखा झाला तरी सुटली नाही.

ह्या मालिकेत सर्वांत आदराने ज्याचे नाव घेतले जाते तो मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. १८११ पासून तो पुण्यास रेसिडेंट होता. पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर झाला आणि १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. जुन्या वतनांस व रीतिरिवाजांस एकदम हात लावू नये असे त्याचे धोरण असे. पेशव्यांच्या दक्षिणेतून १८२१ साली पुण्यास विश्रामबाग वाड्यात पाठशाळा निघाली ती त्याच्याच कारकीर्दीत. तो जावयास निघाला तेव्हा मुंबईच्या लोकांनी आपण होऊन वर्गणी जमविली आणि त्याच्या नावाने विद्यालय काढले. इतका लोकादर त्यापूर्वी फारच थोड्यांच्या वाट्यास आला असेल. येथपर्यंत आम्हीही त्याच्या स्तुतीत सामील आहो.

पण ह्याच एल्फिन्स्टनने १८२७ साली जे कायद्यांचे पुस्तक तयार करविले त्यात पंचविसावे रेग्युलेशन म्हणून एक कलम आहे. सरकारास राजकारणास्तव आवश्यक वाटल्यास चौकशीवाचून माणसास अटकेत ठेवता यावे, अशी त्याची मखलाशी. एल्फिन्स्टनने ते कितपत वापरले हा प्रश्न अलाहिदा. सत्तर वर्षे लोटली. १८९७ साली पुण्यात प्लेग माजला, त्यानिमित्त घरोघर गोरे सोल्जर शिरले, रँडसाहेबांचा खून झाला, आणि लॉर्ड सँढर्स्ट ह्यांच्या सरकारने नातू बंधूंस उचलून तुरुंगात टाकले. आरोप कोणता, पुरावा काय, साक्षीदार कोण, हे कोणत्याही कोर्टात निघाले नाही. कारण ते काढण्याची गरजच नव्हती. हाताशी होते ते त्या दयाळू एल्फिन्स्टनचे पंचविसावे रेग्युलेशन! भल्या माणसाच्या हाती दिलेला बेजबाबदार अधिकार त्याच्याबरोबर परत जात नसतो. तो दप्तरात राहतो आणि पुढे जो कोणी येईल त्याच्या हाती पडतो. ह्याहून ठळक उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

एल्फिन्स्टनच्या मागून सर जॉन माल्कम आला. बोरघाटाचा गाडीरस्ता आणि महाबळेश्वरचे वसतिस्थान ह्यांमुळे त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले आहे. परंतु कायद्याच्या अभ्यासकास तो निराळ्याच कारणाने आठवतो. १८२८ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने, पुण्यास एका नातलगाच्या ताब्यात असलेल्या मोरो रघुनाथ नावाच्या अल्पवयी मुलास आपल्यापुढे हजर करावे असा हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला. माल्कमच्या सरकारने सांगितले की हा हुकूम आम्ही पुण्यात चालू देणार नाही. न्यायमूर्ती ग्रँट हे तेव्हा कोर्टात एकटेच उरले होते. गव्हर्नर कोर्टाचा हुकूम मानीत नाही तर कोर्ट उघडे ठेवण्यात अर्थ काय, असे म्हणून त्यांनी १८२९ च्या एप्रिलात कोर्टाचे दरवाजेच काही काळ बंद केले. प्रकरण विलायतेस प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेले आणि तेथे निकाल कोर्टाच्या विरुद्ध लागला. मुंबईच्या हद्दीबाहेरील, कोर्टाच्या हुकमतीत न येणाऱ्या माणसांवर असा हुकूम सोडण्याचा त्यास अधिकार नाही, असे ठरले. सनदेच्या शब्दांवर बोट ठेवून पाहिले तर निकाल कदाचित बरोबरही असेल. परंतु त्याचा पुण्याच्या रयतेस समजलेला अर्थ एवढाच की, बोरघाटाच्या खाली जो न्याय आहे तो घाटाच्या वर नाही. वर आहे ती गव्हर्नरसाहेबांची मर्जी.

मर्जीचे राज्य म्हणजे काय हे साताऱ्यास अधिक महाग पडले. छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी १८१९ साली तह झाला होता. १८३९ साली गव्हर्नर सर जेम्स कार्नाक ह्याने त्यांस पदच्युत केले, आणि महाराजांस काशीस जाऊन राहावे लागले. त्यांचे वकील रंगो बापूजी वर्षानुवर्षे लंडनात दाद मागत राहिले; पण जेथे दाद मागावयाची तेच मालक आणि ज्याच्याविरुद्ध मागावयाची तो त्यांचाच गुमास्ता, तेथे दाद लागणार कशी? पुढे १८४८ च्या एप्रिलात गादीवरील शहाजी महाराज निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतलेला होता. त्या वेळी मुंबईच्या खुर्चीवर सर जॉर्ज क्लार्क होता. तह वंशपरंपरेचा आहे, दत्तक मान्य करावा, असे त्याने लिहिले. तोच त्याच्या जागी लॉर्ड फॉकलंड आला आणि राज्य खालसा करावे असा त्याचा अभिप्राय पडला. कागद तेच, तह तोच, दत्तक तोच; पालटला तो फक्त खुर्चीवरील माणूस! गव्हर्नर जनरल डलहौसी ह्यास दुसरा अभिप्राय सोयीचा होता, तो चालला. ह्या सर्व लिहिण्यात साताऱ्याच्या रयतेचे मत विचारण्याची कल्पना कोणासही शिवली नाही.

कोणी म्हणेल, पुढे कौन्सिले आली, लोकांचे प्रतिनिधी आले, मग हिशेब का मागता आला नाही? त्याचेही उत्तर इतिहासातच आहे. १८८८ साली क्रॉफर्ड प्रकरणात लॉर्ड रे ह्यांच्या सरकारने मामलेदारांस अभय दिले की, क्रॉफर्डसाहेबांस पैसे चारले असल्यास खरे सांगा, तुमच्या केसास धक्का लागणार नाही. लॉर्ड रे हे सचोटीचे गृहस्थ होते. पण विलायतेहून उलट वारा आला आणि अभयवचन मिळालेल्यांपैकी काहींस नोकरीस मुकावे लागले. मनात आणूनही स्वतःचे वचन पाळता येऊ नये, इतका हा अधिकार वरच्यांचा ताबेदार होता. १९०१ साली जमीनमहसुलाच्या कायद्याची दुरुस्ती आली तेव्हा फिरोजशहा मेथा, गोपाळ कृष्ण गोखले प्रभृतींनी कौन्सिलात विरोध केला, आणि तो व्यर्थ आहे असे पाहून ते सभागृहातून उठून गेले. बिल मात्र पास झालेच.

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या टाऊन हॉलात लॉर्ड विलिंग्डन ह्यांनी युद्धपरिषद भरविली. लोकमान्य टिळक सहकार्याबरोबर स्वराज्याचीही गोष्ट काढू लागताच त्यांस बोलू दिले नाही, आणि ते निघून गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लाटसाहेबांच्या निरोपादाखल त्यांचे स्मारक करण्याची टूम निघाली. तेव्हा बॅरिस्टर जिनांच्या पुढारीपणाखाली मुंबईकरांनी टाऊन हॉल भरून टाकला आणि मुंबई शहराच्या नावाने हा गौरव होऊ दिला नाही. मग लोकांनी एकेक रुपयाची वर्गणी जमवून आपल्या विजयाच्या स्मरणार्थ सभागृह बांधले. गव्हर्नराचा हिशेब लोकांनी जाहीरपणे तपासला असा हा विरळा प्रसंग. पण तोही केव्हा, तर साहेबाचे सामान जहाजावर चढण्याच्या वेळी! सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या अमदानीतील बॅकबे भरावाचेही तसेच झाले. खर्च अंदाजाबाहेर फुगला, कामातील घोळ बॅरिस्टर नरीमन ह्यांनी चव्हाट्यावर मांडला. तोपर्यंत साहेब १९२३ तच मुदत पुरी करून गेले होते. कर्ज राहिले ते प्रांताच्या माथी, म्हणजे तुमच्या-आमच्या माथी.

१९३५ च्या कायद्याने प्रांतास जबाबदार मंत्री मिळाले. पण त्याच कायद्याने मुंबईच्या गव्हर्नराचा पगार सालीना एक लाख वीस हजार रुपये ठरविला आणि त्याच्या हाती ९३ वे कलम ठेवले. १९३७ साली बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळाने दरमहा पाचशे रुपये पगारावर राज्य चालवून दाखविले. १९३९ च्या नोव्हेंबरात त्यांनी राजीनामा दिला आणि ९३ व्या कलमाची कळ दाबताच १९४६ पर्यंत सारा प्रांत गव्हर्नर व त्याचे सल्लागार ह्यांच्या मुठीत गेला.

स्वराज्य आले. १९४८ च्या जानेवारीत राजा महाराजसिंह हे मुंबईचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. पुढे श्रीप्रकाश, विजयालक्ष्मी पंडित, शंकर दयाळ शर्मा अशी थोर माणसे मलबार हिलवरील त्या वाड्यात राहून गेली. माणसे आपली झाली; पण खुर्चीचा हिशेब? घटना समितीपुढे प्रथम असा विचार होता की, गव्हर्नर प्रांतातील प्रौढ मतदारांनी निवडून द्यावा. १९४९ च्या मे महिन्यात तो सोडून दिला गेला आणि नेमणूक राष्ट्रपतींकडे गेली. लोकांनी निवडलेला गव्हर्नर व लोकांनीच निवडलेला मुख्यमंत्री ह्यांच्यात तंटे लागतील, ही भीती अगदीच पोकळ नव्हती. गव्हर्नरास स्वतःचे असे काम फारच थोडे राहणार, तो मंत्र्यांच्या सल्ल्याने वागणार, तेव्हा त्याच्या निवडणुकीचा खटाटोप कशास, हाही मुद्दा होता. १९७४ साली शमशेरसिंग ह्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी मंत्र्यांच्या सल्ल्याचे हेच तत्त्व निःसंदिग्धपणे सांगितले.

परंतु राज्यघटनेतील तीन कलमे आमच्या व्यापारी वाचकांनी एका ओळीत ठेवून पाहावी. १५६ व्या कलमाप्रमाणे राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत, म्हणजे वस्तुतः दिल्लीच्या सरकारची मर्जी असेपर्यंत, खुर्चीवर राहतो. ३६१ व्या कलमाप्रमाणे आपल्या अधिकाराच्या वापराबद्दल तो स्वतः कोणत्याही न्यायालयास उत्तर देणे लागत नाही. आणि ३५६ वे कलम म्हणजे त्या जुन्या ९३ चाच धाकटा भाऊ. राज्यकारभार घटनेप्रमाणे चालत नाही असा राज्यपालाचा अहवाल गेला की लोकनियुक्त मंत्रिमंडळ घरी जाऊ शकते. विधानसभेस त्याला काढता येत नाही, कोर्टास त्याला बोलावता येत नाही, आणि दिल्लीस त्याला केव्हाही हालविता येते! मग असा अधिकारी पेचप्रसंगी कोणाच्या तोंडाकडे पाहील हे सांगण्यास ज्योतिषी नको.

अनुभवही तसाच आहे, आणि त्यात कोणत्याही एका पक्षाने दुसऱ्याकडे बोट दाखविण्याजोगे काही नाही. १९७७ साली केंद्रात जनता पक्ष येताच त्याने नऊ राज्यांतील विधानसभा मोडल्या; १९८० साली काँग्रेस परत येताच तिनेही नऊ मोडल्या. त्यात १७ फेब्रुवारी १९८० रोजी महाराष्ट्रातील शरद पवार ह्यांचे मंत्रिमंडळही गेले. १९९४ साली बोम्मई ह्यांच्या खटल्यात बहुमत विधानसभेच्या पटावर मोजावे, राजभवनात नव्हे, असे ठरल्यापासून हा धुमाकूळ बराच कमी झाला. तथापि २०२० च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने विधानपरिषदेच्या बारा जागांसाठी नावे सुचविली, ती राजभवनात पडून राहिली. वाजवी मुदतीत निर्णय व्हावयास पाहिजे असे मुंबई हायकोर्टाने २०२१ च्या ऑगस्टात म्हटले, तरी २०२२ च्या जूनमध्ये ते मंत्रिमंडळ जाईपर्यंत त्यांचा निकाल झाला नाही. त्याच जूनमध्ये राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. ते सांगण्यास त्यांच्यापुढे पुरेसा आधार नव्हता, असा सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी ११ मे २०२३ रोजी निर्णय दिला. मुख्यमंत्र्यांनी मतदानापूर्वीच राजीनामा दिला असल्यामुळे पूर्वस्थिती आणता येत नाही, असेही त्याच निकालात आहे. म्हणजे कृत्य चुकीचे ठरले, पण त्याची भरपाई नाही आणि करणाऱ्यास जाब नाही. त्या वेळी खुर्चीवर कोण होते ह्याच्याशी आम्हांस कर्तव्य नाही; उद्या दुसऱ्या पक्षाचा माणूस तेथे असेल तर तोही तेच करू शकेल, हेच आमचे म्हणणे आहे.

मग राज्यपाल नकोच, असे आम्ही म्हणतो काय? मुळीच नाही. कोणत्याही पक्षास बहुमत नसेल तेव्हा कोणास बोलवावे, मंत्रिमंडळ कोसळल्यास मधल्या काळी कोणाच्या नावाने कारभार चालावा, हे ठरविण्यास पक्षाबाहेरचा मनुष्य लागतोच. विदर्भ व मराठवाड्याच्या समतोल विकासाची खास जबाबदारीही ३७१ व्या कलमाने महाराष्ट्राच्या राज्यपालांवर टाकता येते, आणि ती कळकळीने पार पाडली तर तिचा उपयोगच आहे. आमची मागणी खुर्ची मोडण्याची नव्हे. खुर्चीपुढे चोपडी ठेवण्याची आहे.

ह्यासाठी तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. पहिली, मंत्र्यांच्या सल्ल्यावाचून किंवा सल्ल्याविरुद्ध राज्यपाल जे जे करील त्याची कारणे त्याने त्याच दिवशी लेखी लिहून विधानसभेच्या मेजावर ठेवावी. साध्या मुन्सफासही निकालास कारणे द्यावी लागतात. मग साऱ्या राज्याच्या भवितव्याचा निकाल देणाऱ्यास ती सूट का? दुसरी, बिले व शिफारशी ह्यांस मुदत असावी. २० नोव्हेंबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने राष्ट्रपतींच्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरात सांगितले की, कोर्टाने स्वतः अशी मुदत घालून देणे घटनेस धरून नाही. परंतु राज्यपालाने कारणावाचून बिल अनिश्चित काळ दाबून बसणेही योग्य नाही. ठीक आहे, मुदत कोर्टास घालता येत नसेल तर पार्लमेंटाने घटना दुरुस्त करून घालावी. हुंडीस मुदत असते, मालाच्या वायद्यास मुदत असते, आणि लोकप्रतिनिधींनी पास केलेल्या बिलास तेवढी नसावी काय? तिसरी गोष्ट नेमणुकीची. १९८३ साली नेमलेल्या सरकारिया आयोगाने सांगून ठेवले आहे की, राज्यपाल त्या राज्याबाहेरचा, नुकताच पक्षीय राजकारणात न गुंतलेला असा असावा, आणि नेमताना मुख्यमंत्र्याचा विचार घ्यावा. ही शिफारस प्रत्येक पक्ष विरोधी बाकांवर असताना उचलून धरतो आणि सत्तेवर येताच बासनात बांधतो. तिला कायद्याचे बळ मिळावे, आणि दिल्लीतील सरकार पालटले एवढ्यावरून राज्यपाल काढून टाकण्याची रीत बंद व्हावी.

लाटसाहेबांच्या जुन्या वाड्यांकडे पाहिले म्हणजे आम्हांस थोडी आशा वाटते. परळच्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ साली हाफकिनसाहेबांची प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा गेली आणि लाखो जीवांच्या उपयोगी पडली. गणेशखिंडीतील ज्या वाड्यावरच्या मेजवानीहून परत येताना रँडसाहेबांस गोळी लागली, तेथे १९४९ पासून पुणे विद्यापीठ नांदते आहे. दगडविटा लोकांच्या झाल्या. त्यांस कोणाचाही कायदा आड आला नाही. आता उरला आहे तो त्या वाड्यांतून चालणारा अधिकार. तो लोकांचा करावयाचा तर त्यासाठी सज्जन लाटसाहेबाची वाट पाहत बसणे हा मार्ग नव्हे. तशी वाट आपल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ पाहिली, आणि तिच्या शेवटी त्यांस पंचविसावे रेग्युलेशन भेटले. पुढील निवडणुकीत जो उमेदवार आपल्या दुकानी अगर दाराशी मत मागण्यास येईल त्यास, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, राज्यपालाच्या हिशेबासंबंधी तुमचे मत काय, आणि सत्तेवर आल्यावरही तेच राहील काय, एवढे दोन प्रश्न वाचकांनी अवश्य विचारावे. चोपडी मागणे हा मालकाचा हक्क आहे, आणि स्वराज्यात मालक आपणच आहो.